चंदगड गाडी आणि फौजी कोट

प्रसेनजीत कुरणे यांनी आयुष्यात रणगाडे पुष्कळ पाहिले, पण रणगाडे बघायला म्हणून ते एकदाही थिएटरात गेले नाहीत. हे ऐकून कुणी हसेल. हसू दे बापडा. त्यांच्या कॉलेजच्या दिवसांत कोल्हापुरात सकाळच्या खेळाला जुने इंग्रजी युद्धपट लागत आणि अख्खं पब्लिक यायचं ते बाँब फुटताना बघायला. हॉलिवूडचा तो चौकोनी जबड्याचा नायक मध्येच लढाई बाजूला ठेवून नायिकेकडे वळला, की आधी शिट्ट्या पडायच्या आणि मग निम्मं थिएटर चहाला उठून जायचं. जाताना शेजाऱ्याला सांगून जायचं, "गोळीबार सुरू झाला की हाक मार रं." प्रसेनजीत तेवढ्यापुरते खुर्चीत सरसावून बसायचे. गोळीबार सुरू झाला की ते चहाला जायचे.

युद्धपटातलं प्रेम तीन ठिकाणी होतं, असा त्यांचा अभ्यास होता. इस्पितळात, नाचाच्या हॉलमध्ये आणि रेल्वेच्या फलाटावर. इस्पितळातल्या प्रेमासाठी आधी जखमी व्हावं लागतं. हॉलमधल्या प्रेमासाठी नाचता यावं लागतं. फलाटावर मात्र काही येत नसलं तरी भागतं. ओव्हरकोटाची कॉलर वर करून नायक उभा राहतो, इंजिनाची वाफ सुटते, ती बघते, तो बघतो, गाडी हलते. सगळ्या प्रसंगात मिळून चार शब्द, आणि तरी ती बाई जन्मभर त्याची वाट बघायला तयार होते. कमी बोलणाऱ्या माणसाला याहून मोठा धीर कुणी दिला असेल असं वाटत नाही.

आणि प्रसेनजीत कमी बोलणाऱ्यांतले. वडिलांनी मोठ्या हौसेनं प्राचीन राजाचं नाव ठेवलं, पण नोकरी मिळाली ती एका सहकारी बँकेच्या लॉकर विभागात. गिऱ्हाइकाबरोबर तळघरात उतरायचं, बँकेची किल्ली लावायची आणि पाठ करून उभं राहायचं. इतकी वर्षं लोकांच्या मौल्यवान गोष्टींकडे पाठ करून राहिलेला माणूस घरी येऊन एकदम तोंड समोर करेल तरी कसा? बायकोशी ते बोलायचे, नाही असं नाही. गॅस संपला, पाणी आलं, लेकीचा, प्रीतीचा, पुण्याहून फोन होता. संसार एवढ्या मजकुरावर व्यवस्थित चालला होता.

बायको क्रांती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. आवाज असा, की शेवटच्या बाकावरचा मुलगा घरी गेल्यावरही सरळ बसायचा. मे महिन्यात तिला केंद्रप्रमुख म्हणून बढती मिळाली आणि नेमणूक झाली चंदगड तालुक्यात. म्हणजे दोन वर्षं तिकडं खोली करून राहायचं आणि शनिवारी-रविवारी जमलं तर घरी यायचं. ती ही बातमी घेऊन दारातून आत आली तेव्हा प्रसेनजीत चष्मा पुसत होते. त्यांच्या आत कुठेतरी एक उंच माणूस कोट घालून सुटलेल्या गाडीमागे धावायला लागला. पण तोंडातून बाहेर पडलं ते असं: "मग माझ्या डब्याचं काय?"

पेढ्यांचा पुडा क्रांतीनं ओट्यावर ठेवला आणि तो तिथंच राहिला. दुसऱ्या दिवशी ती मैत्रिणीशी फोनवर बोलत असताना प्रसेनजीतनी बाहेरच्या खोलीतून ऐकलं. "जाणार तर आहेच मी. कुणी अडवलं तरी जाणार. पण एकदा तरी 'जाऊ नको' म्हणावं की माणसानं. सत्तावीस वर्षांत एकदा. डबा म्हणे."

त्या दिवशी प्रसेनजीत बँकेत चुकीच्या लॉकरला किल्ली लावून बसले.

सरळ मार्ग कोणता हे त्यांना कुणी सांगितलं नाही असं नाही. प्रीतीनं फोनवर सांगितलं, "पप्पा, आईजवळ जाऊन बसा आणि बोला. दोन मिनिटांचं काम आहे." पण मुलीला काय कळतंय? जे सत्तावीस वर्षं बोललं नाही ते एकदम सोफ्यावर बसून, समोर भाजी निवडणं चालू असताना बोलायचं? त्याला जागा लागते, वातावरण लागतं. प्रसेनजीतनी ठरवलं, की क्रांती सोमवारी सकाळी चंदगड गाडीनं निघेल तेव्हा आपण फलाटावर तिला रीतसर निरोप द्यायचा. कोट घालून. कॉलर वर करून. गाडी हलली की शेजारून चालत, मग पळत, खिडकीतून म्हणायचं: क्रांती, जाऊ नको. तीन शब्द. नायकापेक्षा एक कमीच. चित्रपटात नायक जायचा आणि इथं नायिका जाणार होती, एसटीनं जाणार होती आणि युद्धावर नव्हे तर केंद्रप्रमुख म्हणून जाणार होती, हे बारीकसारीक फरक त्यांनी सोडून दिले.

कोट शेजारच्या दादासोंकडे होता. दादासो सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झालेले, आणि त्यांचा काश्मीरमधला लोकरी ओव्हरकोट कपाटात डांबराच्या गोळ्यांच्या सोबतीनं पेन्शनीचे दिवस काढत होता. प्रसेनजीतनी तो मागितला तेव्हा बाहेर जूनचा उकाडा होता. माणसं बनियनवर गच्चीत झोपत होती.

"कोट?" दादासो म्हणाले. "कुठं निघालासा ह्या उन्हाचं?"

"सोमवारी सकाळी स्टँडवर जायचंय."

"मग?"

इथं प्रसेनजीतना खरं सांगता आलं असतं. पण ज्या माणसानं बर्फात उभं राहून सीमा राखली त्याला 'बायकोला टाटा करायला कोट हवाय' असं सांगायचं तरी कसं? "तेवढं एक काम हाय," ते म्हणाले. "क्रांतीला अजून सांगितलं न्हाय. तुम्ही बी कुणाला सांगू नगा."

दादासोंचा चेहरा बदलला. ते खुर्चीतून उठले, आत गेले आणि दोन्ही हातांवर कोट घेऊन आले. त्यांनी तो स्वतः प्रसेनजीतच्या अंगावर चढवला, बटणं लावली, खांद्यावरची धूळ झटकली आणि मोबाइलवर एक फोटो काढला. प्रसेनजीत अंगानं किरकोळ, त्यामुळे कोट घोट्यापर्यंत आला होता आणि हात बाह्यांत कुठं संपले ते दिसत नव्हतं. पण दादासोंना ते काही दिसलं नाही. "बायकोला न्हाय सांगितलं ते बरं केलासा," ते हळू आवाजात म्हणाले. "असलं सांगायचंच नसतंय."

प्रसेनजीतना वाटलं, किती समजूतदार माणूस आहे.

शनिवारी अर्धी रजा टाकून ते मध्यवर्ती स्टँडवर जागेची पाहणी करायला गेले. चंदगड गाडी कुठल्या फलाटाला लागते, डावीकडची खिडकी कुठं येते, फलाट सरळ किती पळता येईल, सगळं बघून त्यांनी कंट्रोलरच्या खिडकीत तोंड घातलं. "गाडी सुटताना तिच्या बाजूनं पळलं तर चालेल का?"

कंट्रोलरनं चहाचा कप खाली ठेवला. "गाडीत बसायचं नसंल तर पळायचं कशाला?"

"निरोपासाठी."

"निरोप उभं राहून देत्यात, साहेब. पळायला बंदी न्हाय, पण पडलासा तर कुणी उत्तर द्यायचं? आणि पळणार कुठं? जरा बघा की तिकडं."

प्रसेनजीतनी बघितलं आणि त्यांच्या अभ्यासातली मोठी चूक त्यांच्या ध्यानात आली. रेल्वेची गाडी फलाटाच्या बाजूनं जाते. एसटी फलाटाला तोंड लावून उभी राहते, आणि सुटताना मागं सरकत जाते. कंडक्टर मागं उभा राहून शिट्टी वाजवतो, "येऊ दे, येऊ दे" म्हणतो, आणि गाडी आपल्याकडं बघत बघत लांब जाते. जगातल्या कुठल्याही युद्धपटात नायिकेला रिव्हर्समध्ये नेलेलं प्रसेनजीतनी पाहिलेलं नव्हतं. पळायचंच तर फलाटाची पायरी उतरून सरळ गाडीच्या तोंडावर पळावं लागणार होतं, आणि त्याला निरोप म्हणत नाहीत.

पळणं रद्द झालं. मग उरली वाफ. कोट आणि वाफ, एवढ्यावर प्रसंग उभा राहील असा हिशेब करून ते परतताना कॉलनीच्या कोपऱ्यावर थांबले. तिथं मैत्री कॉलनी तरुण मंडळाचा अध्यक्ष अमरसिंह गाडीच्या बॉनेटवर बसला होता. मंडळाकडे मिरवणुकीतलं धुराचं मशिन होतं हे सगळ्यांना माहीत होतं, कारण गेल्या वर्षी त्यातून निघालेल्या धुरात मंडळाचे खजिनदार गटारात गेले होते.

"अमर, जरा धूर मिळंल का?" प्रसेनजीत म्हणाले. "सोमवारी सकाळी स्टँडवर, चंदगड गाडीपाशी. थोडासाच. पांढरा."

"मिळंल की साहेब. कार्यक्रम कसला?"

"निरोपाचा."

"कुणाचा?"

"घरातलंच माणूस हाय," प्रसेनजीत म्हणाले आणि लाजून पुढं चालू लागले.

आता इकडं काय झालं होतं ते सांगायला हवं. दादासोंनी गुप्ततेची शपथ तंतोतंत पाळली होती. त्यांनी फक्त बायकोला सांगितलं. आक्काताईंनी ते ऐकून घेतलं आणि भाकरी थापता थापता सगळं जुळवून टाकलं. टीव्हीवर रोज सीमेवरच्या बातम्या. त्यात कुरणे साहेब लॉकरवाले. गावाचं सोनंनाणं ह्या माणसाच्या किल्लीवर, पण कधी कुणाच्या घरातली गोष्ट तोंडातून बाहेर आली आहे का? असली माणसं सरकारला आत्ता लागणार नाहीत तर कधी? "दिल्लीवाल्यांनी बरोबर माणूस उचलला," आक्काताई म्हणाल्या, आणि ही गोष्ट त्यांनी अमरसिंहाच्या आईला सांगितली. त्याही कुणाला सांगणाऱ्यांतल्या नव्हत्या. मग धुराची मागणी आली आणि कुणाच्या मनात शंका उरली नाही.

कोल्हापुरात माणूस मोठा झाला की त्याचा डिजिटल फलक लागतो. कधी कधी डिजिटल आधी लागतो आणि माणूस मागाहून मोठा होतो. रविवारी संध्याकाळी कॉलनीच्या तोंडाशी वीस फुटी फलक उभा राहिला. मधोमध कोट घातलेले प्रसेनजीत, कॉलर वर, चेहऱ्यावर ओशाळं हसू. मागं एक रणगाडा, एक वाघ आणि आकाशात तीन विमानं. खाली लिहिलेलं: आमचे मार्गदर्शक मा. प्रसेनजीत कुरणे साहेब यांना देशसेवेच्या गुप्त कामगिरीवर रवाना होत असल्याबद्दल हार्दिक शुभेच्छा. त्याखाली मंडळाच्या सगळ्या कार्यकर्त्यांचे फोटो, गॉगलसह.

क्रांती बाजारातून येत होती. उद्याच्या प्रवासाचं सामान घेऊन. ती त्या फलकासमोर बराच वेळ उभी राहिली. मग घरी आली, पिशव्या ठेवल्या आणि विचारलं, "हे काय आहे?"

"त्यांची चूक झालीय."

"कोट कुणाचा आहे?"

"दादासोंचा."

"घातलाय कुणी?"

प्रसेनजीतनी पाठ केली. सवयीनं झालं ते, पण झालं.

"माझी बढती झाली," क्रांती म्हणाली, आणि शेवटच्या बाकापर्यंत जाणारा तो आवाज आज ओट्यापलीकडंही जाईना. "मला असला बोर्ड नकोच होता. पण घरातल्या माणसानं एक पेढा तरी तोंडात टाकावा की नाही? उद्या मी जाणार, आणि कॉलनीत निरोप कुणाला, तर तुम्हाला. वाघासकट." ती आत गेली आणि बॅग भरू लागली. प्रसेनजीत दारात उभे राहिले. तीन शब्द घशापर्यंत आले होते. पण आता ते म्हटले असते तर ते वाघामुळं म्हटल्यासारखे झाले असते. ते चप्पल घालून अमरसिंहाकडे गेले.

"अमर, तो बोर्ड काढ. मी कुठंबी निघालो न्हाय."

अमरसिंहानं डोळा बारीक केला. "बरोबर हाय साहेब. तुम्ही असंच म्हणायला पायजे."

"अरे, खरंच न्हाय."

"आम्हाला कळतंय की," अमरसिंह म्हणाला आणि त्यानं कडक सलाम ठोकला.

सोमवारी पहाटे प्रसेनजीत क्रांतीच्या आधी उठले. ती जागी झाली तेव्हा स्वयंपाकघरातून करपल्याचा वास येत होता आणि खिडक्या सताड उघड्या होत्या. ती बॅगेची चेन लावायला लागली. रिक्षात दोघांमध्ये तिची मोठी बॅग होती. कोट प्रसेनजीतनी घरीच ठेवला होता. नायक, फलाट, वाफ, सगळं त्यांनी मनातून काढून टाकलं होतं. आता फक्त बॅग वर चढवायची, नीट जा म्हणायचं आणि बँकेत जायचं.

स्टँडच्या दारातच हलगी ऐकू आली. चंदगड गाडीपुढे निम्मी कॉलनी उभी होती. दादासो छातीवर पदकं लावून आले होते, आणि कोट त्यांच्या हातात होता. "घरी विसरलासा," ते म्हणाले, "खिडकीतनं काढून आणला." नको नको म्हणेपर्यंत बटणं लागली होती. गळ्यात हार पडले, कपाळावर गुलाल बसला. जूनच्या त्या उकाड्यात लोकरीच्या आत प्रसेनजीतना घामाच्या धारा लागल्या, आणि लोकांना वाटलं साहेब गहिवरले.

क्रांतीनं सामान गाडीत खिडकीच्या जागेवर ठेवलं आणि ती खाली उतरली, हा काय तमाशा आहे ते विचारायला. तोवर आक्काताईंनी तिच्या हातात ओवाळणीचं ताट दिलं.

"आक्का, आमच्यात हे करत नाहीत. आणि निघालेय मी."

"नसू दे करत. मिल्ट्रीत समदं चालतंय," आक्काताई म्हणाल्या. "रडू नगंस बाई. अशा टायमाला बाईमाणसानं घट्ट राहायचं."

"अहो, मी चंदगडला निघालेय! माझी जागा धरलीय!"

"सोडायला चाललीस व्हय लांबपतोर? लई माया."

प्रसेनजीत तिच्याकडं सरकू लागले. आता काही झालं तरी सांगायचं, इथंच सांगायचं असं त्यांनी ठरवलं. तेवढ्यात मंडळाच्या पोरांनी त्यांना खांद्यावर घेतलं. कोटाची टोकं हवेत फडफडली, कुणीतरी त्यांचं नाव घेऊन घोषणा दिली, आणि दारातून आत नेऊन पोरांनी त्यांना क्रांतीच्या जागेवर, क्रांतीच्या सामानाशेजारी बसवलं. "जागा खिडकीची हाय साहेब," एक जण म्हणाला. "येतो आम्ही."

मग अमरसिंहानं मशिन सुरू केलं.

थोडासाच आणि पांढरा, एवढी मागणी होती. पण मंडळानं कधी थोडं काही केलेलं नाही. धुराचा लोट निघाला तो फलाट गिळून गाडीच्या तोंडापर्यंत गेला. शेजारच्या फलाटावर एक म्हातारी ओरडली, "पेटली! गाडी पेटली!" ड्रायव्हर कर्तव्यदक्ष माणूस. पन्नास प्रवासी आत, पुढं धूर. त्यानं एका क्षणात रिव्हर्स टाकला. कंडक्टर शिट्टी वाजवत मागं धावला, मग त्यानं दारातून आत उडी मारली, आणि चंदगड गाडी मागं सरकत फलाटापासून सुटली.

खिडकीतून प्रसेनजीतनी बघितलं. पांढरा धूर होता. धुरात क्रांती उभी होती, हातात ताट, केसात कुणाचा तरी गुलाल. ती बघत होती, ते बघत होते, गाडी हलली होती. आयुष्यभर बघितलेला प्रसंग समोर होता आणि त्यात कुठं काही कमी नव्हतं; फक्त माणसं उलटी बसली होती. प्रसेनजीतनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं.

"क्रांती!" ते ओरडले. तळघरात कधी कुणी न ऐकलेला तो आवाज स्टँडभर गेला. "क्रांती, जाऊ नको!"

घोषणा थांबल्या. कॉलनी एकमेकांकडं बघू लागली.

"अगं बया," आक्काताई म्हणाल्या, "पर जातंय कोण?"

क्रांती मात्र ताटासकट फलाटाची पायरी उतरली आणि मागं जाणाऱ्या गाडीकडं सरळ पळत सुटली. कंट्रोलर खिडकीतून ओरडला, की पडलासा तर कुणी उत्तर द्यायचं म्हणून मी परवाच विचारलंय. तोवर गाडी वळून रस्त्याला लागली होती.

"आता मागारी वळता येत न्हाय," कंडक्टर प्रसेनजीतना म्हणाला. "कागलात उतरा. कंच्या पलटणीला, साहेब?"

एका आजोबांनी त्यांच्यासाठी जागा मोकळी करून दिली, जागा असूनही. आजऱ्याला निघालेल्या एका बाईनं काजूची पुडी पुढं केली. सगळी गाडी सैनिकाकडं बघत होती. प्रसेनजीतना खोटं बोलवेना आणि गप्पही राहवेना.

"पलटण न्हाय," ते म्हणाले. "मी लॉकरला असतोय."

आणि मग ते बोलायला लागले. डब्यापासून सुरू केलं. पेढ्यांचा पुडा, फोन, कोट, दादासो, रिव्हर्स गाडी, वाघ, सगळं सांगितलं. गोकुळ शिरगाव मागं पडलं तरी ते बोलत होते. सत्तावीस वर्षांत त्यांनी घरी जेवढे शब्द खर्च केले नव्हते तेवढे त्या गाडीत केले, आणि मागच्या सीटवरची माणसं नीट ऐकू यावं म्हणून पुढं येऊन उभी राहिली. कंडक्टर तिकिटं फाडायची विसरला.

"एवढंच म्हणायचं हुतं?" शेवटी त्यानं विचारलं.

"एवढंच."

"मग घरात म्हणायचं की."

"तेच प्रीती म्हणत होती," प्रसेनजीत म्हणाले.

कागलला गाडी उभी राहिली. कंडक्टरनं आपल्या जबाबदारीवर ती जरा जास्तच उभी ठेवली, आणि एकाही प्रवाशानं उशीर झाला म्हणून कुरकुर केली नाही. मग स्टँडच्या दारातून मंडळाचा झेंडा लावलेली अमरसिंहाची जीप आत आली. मागच्या सीटवर हलगीवाला अजून वाजवत होता, कारण त्याला थांब म्हणायला कुणाला सुचलं नव्हतं. क्रांती उतरली. ताट अजून हातातच होतं. ती गाडीत चढली तशी पुढं येऊन उभी राहिलेली माणसं आपापल्या जागेवर जाऊन बसली आणि दुसरीकडं बघू लागली.

ती प्रसेनजीतशेजारी बसली. श्वास जरा शांत झाल्यावर म्हणाली, "काय म्हणालात तिथं?"

पाठ करायला जागा नव्हती. एका बाजूला खिडकी होती आणि दुसऱ्या बाजूला क्रांती.

"जाऊ नको म्हणालो."

"आणि मी जाणारच असले तर?"

"जायचंच की. एवढी केंद्रप्रमुख झालीस. अख्खा तालुका सरळ बसेल." त्यांनी घाम पुसला. "पण तू गेलीस की मला घर आवडणार नाही. तेवढं तुला माहीत असावं, म्हणून."

क्रांती खिडकीबाहेर बघू लागली. बाहेर अमरसिंह सलामाच्या अवस्थेत उभा होता. तिनं पदरानं डोळे टिपले, मग नाक, आणि मग तिला हसू आवरेना. "एवढंसं सांगायला पलटण आणली होय हो?"

"साहेब," कंडक्टर दारातून म्हणाला, "उतरणार का येणार? आता सोडाय पायजे गाडी."

प्रसेनजीत उठायला गेले. उठता येईना. कोटाचं टोक क्रांतीच्या खाली अडकलं होतं. त्यांनी तिच्याकडं बघितलं. तिला ते कळलं होतं, आणि ती जराही सरकली नाही.

"दोन चंदगड द्या," ती कंडक्टरला म्हणाली. "माझं हाफ."

"आणि साहेबांचं?"

"पुरं घ्या. खऱ्या फौजेतले नाहीत ते."

कंडक्टरनं बेल मारली. कागलहून गाडी सरळ पुढं निघाली, रिव्हर्स न घेता. बऱ्याच वेळानं क्रांतीनं बँकेत फोन करा म्हणून आठवण केली, आणि मग अगदी गंभीर चेहरा करून विचारलं, "मग आज तुमच्या डब्याचं काय?"

"तुझ्या निळ्या पिशवीत हाय," प्रसेनजीत म्हणाले. "दोघांना पुरंल. तुझ्यासाठी केलता."

तिनं पिशवीतून डबा काढला. आत दोन भाकऱ्या होत्या, एका बाजूनं काळ्या आणि दुसऱ्या बाजूनं पांढऱ्या, गोल म्हणता येणार नाहीत अशा. बरोबर मुगाची उसळ. क्रांतीनं एक घास खाल्ला आणि बराच वेळ चावत राहिली.

"मीठ नाही."

"विसरलो."

"दिसतंच आहे," ती म्हणाली. तिनं दुसरा घास घेतला, मग त्यांना एक दिला, आणि चंदगड येईपर्यंत कोटाच्या टोकावरून काही हलली नाही.